वरची पाटी, खालची पाटी

मे महिन्यातला पहिला रविवार, सकाळचे साडेसात. स्थळ अकोल्याचा आठवडी बाजार. माल चौदा किलो सुके बोंबील, दर किलोला पाचशे साठ, एकूण सात हजार आठशे चाळीस रुपये, रोख. हजर चौघे: मी, माझी पत्नी सुनीता, शेजारचे राऊत सर आणि विकणारी गयाबाई. माल आतून ओला आहे हे चौघांपैकी एकालाच माहीत होतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी गयाबाईबद्दल बरंच चांगलं लिहिणार आहे आणि ते सगळं खरं आहे. शेवटी मी तिला माफ केलं असेल, असा कोणाचा समज व्हायला नको.

गयाबाई सुकी मासोळी विकायची. बोंबील, झिंगे, सुकट. अकोल्यापासून समुद्र चारशे किलोमीटरच्या आत नाही, आणि तिनं तो पाहिलेला नव्हता. ती चांदूर बाजारकडची, बाप पूर्णा नदीत जाळं टाकणारा. पण तिच्या दुकानावर, म्हणजे दोन बांबू आणि एका निळ्या ताडपत्रीला दुकान म्हणत असतील तर, समुद्राच्या हवामानाच्या दोन पाट्या टांगलेल्या असायच्या. शाळेतल्या असतात तशा दगडी पाट्या, लाकडी चौकटीच्या. एक वर, एक खाली.

वरच्या पाटीवर येणाऱ्या आठवड्याचा अंदाज. सात चौकोन, रविवार ते शनिवार. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून खुणा. गोल म्हणजे ऊन. गोलात खडू भरला की ढग. तिरप्या रेघा म्हणजे पाऊस. गोलाला शेपूट म्हणजे वारा. खालच्या पाटीवर सरलेला आठवडा: अंदाज नव्हे, प्रत्यक्षात काय झालं ते. त्या आठवड्यात तिकडे वाळलेला माल रविवारी पहाटे ट्रकने अकोल्यात यायचा. म्हणजे खालची पाटी वाचली की समोरच्या टोपलीतला बोंबील किती उन्हं खाऊन आला ते कळायचं. वरची पाटी वाचली की आज घ्यावा की पुढच्या रविवारपर्यंत थांबावं ते ठरवता यायचं. संक्रांतीपासून मे संपेपर्यंत हे चालायचं. पुढे तिकडची मासेमारी बंद होते, तेव्हा पाट्या घरी.

मी अमरावतीला एका सरकारी कार्यालयात लेखा विभागात आहे. रोज मूर्तिजापूर, बडनेरा करत जातो-येतो, रविवारी घरी. वर अंदाजपत्रक आणि खाली प्रत्यक्ष खर्च, ही आमची रोजची भाषा. ती मला एका मासोळीवालीच्या बांबूवर लटकलेली दिसली, तेव्हाच मी तिचा झालो असं म्हणायला हरकत नाही.

अंदाज तिला कोकणातून यायचा. तिकडच्या एका बंदरावर तिचा माल पाठवणारा होता, त्याला ती नुसतं तांडेल म्हणायची. रविवारी सकाळी सात वाजता त्याचा फोन. स्पीकर पूर्ण मोठा, सगळ्या ओळीला ऐकू जाईल असा. दोघंही अंतराच्या हिशोबाने ओरडायचे.

"तांडेल, आभाय कसं हाय?"

"मोकळं आहे गो बाय. बुधवारपासून वारा धरेल म्हणतायत."

"वारा धरन का पानीबी आनन?"

"ते मी काय वाऱ्याला विचारून ठेवलंय?"

"मंग इचार ना! मी इकडे लोकायले काय सांगू?"

मग खालची पाटी पुसायची. गेल्या रविवारची वरची पाटी उतरवायची, आणि तांडेलनं सांगितलेल्या खऱ्या हवामानाप्रमाणे तिच्यावरच्या खुणा दुरुस्त करून ती खाली टांगायची. पुसलेली पाटी वर जायची, तिच्यावर नवा आठवडा. हे सगळं लुगड्याच्या पदराने आणि थुंकीने. हे संपेपर्यंत गिऱ्हाईकाने तोंड उघडायचं नाही.

समोर उसाच्या रसाचं गाडं होतं. रसवाला तिला दर मे महिन्यात छेडायचा. "अवो बुडे, इथं पंचेचाळीस डिग्रीत जीव जाऊन राहिला अन् तू समुद्राचं वारं सांगून राहिली. आमाले काय करा लागते त्याचं?"

"तुले काही नाई करा लागत. तू बर्फ टाक अन् पानी इक," ती म्हणायची.

तिच्या सवयी सांगायच्या तर बऱ्याच आहेत. पैसे घेण्याआधी ती लिंबाच्या फोडीने बोटं चोळायची आणि नोटा झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची. "पैशाले वास लागला तं बँकवाला तोंड वाकडं करते." वर मूठभर जास्तीचं कधी टाकायची नाही. कोणी हात पुढे केला की म्हणायची, "मोजलं ते तुहं, उरलं ते माहं." उधार नाही. रविवार सोडून कुठल्या दिवशी तिला बाजारात कोणी पाहिलं नाही. आणि प्रत्येक गिऱ्हाईकाला, मग ते वीस वर्षांचं जुनं असो, ती एकच गोष्ट सांगायची: "पाय, मोड, हुंग, मंग पैसे काढ."

पाहायचं, मोडायचं, हुंगायचं. चांगला वाळलेला बोंबील कट्‌ आवाज करून तुटतो. दमट असला की वाकतो. अकोल्याच्या उन्हात टोपलीतला माल वरून कडक होतोच, म्हणून नुसतं पाहून भागत नाही. हे मला तिनेच शिकवलं होतं, मी दहा वर्षांचा असताना, आईसोबत गेलेलो.

एकदा हायवेवरचा एक ढाबेवाला गाडी घेऊन आला. त्याला वीस किलो झिंगे हवे होते. टोपल्या भरलेल्या होत्या. गयाबाईने खालच्या पाटीकडे बोट दाखवलं. चार चौकोनांत खडू भरलेला होता.

"चार दिवस ढग होते तिकडे. हा माल मी मान्साले देत नाई."

"अवो मावशी, मसाल्यात कोनाले कळते?"

"मले कळते."

"पैसे पूरे देतो ना."

"पूरे देतेस म्हनूनच नाई देत. कमी देले असते तं म्हनलं असतं, याले माईत हाय काय घेऊन राहिला ते."

तो चिडून गेला. असला सगळा माल कोंबड्यांचं खाद्य बनवणारा एक जण उचलायचा, निम्म्याहून कमी भावाने. गयाबाईने त्या आठवड्यात नुकसान सोसलं आणि दुपारी रसवाल्याकडून उसाचा रस मागवून प्यायली. मी तिथे उभा होतो. घरी येऊन मी सुनीताला म्हणालो, असा एक माणूस आमच्या कार्यालयात असता तर अर्धे लेखापरीक्षण आक्षेप आलेच नसते. सुनीता म्हणाली, "मग तिलाच नेऊन बसवा तिथं. तुमच्या कार्यालयाला वास येईल फक्त."

त्याच सुमारास मी वहीत तिच्या पाट्या उतरवायला लागलो. दर रविवारी, तारीख घालून, वरच्या सात खुणा आणि खालच्या सात. सुरुवातीचे दोन हंगाम मी त्या मोबाईलवरच्या हवामानाशी ताडून पाहिल्या. खालची पाटी दर वेळी बरोबर निघायची. तिसऱ्या हंगामापासून ताडून पाहणं सोडलं. वहीत उतरवणं चालू ठेवलं, सवय म्हणून.

पुढे एकदा कार्यालयाच्या प्रशिक्षणासाठी मला रत्नागिरीला जावं लागलं. गयाबाईला कळलं तेव्हा तिने माझं मनगट धरलं. "बापू, नीट पाहून ये. मले सांगा लागन."

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी गेलो. तिने गिऱ्हाइकांना बाजूला सारलं. "सांग. कसा असते?"

मी सांगितलं की एका मिनिटात आठ ते नऊ लाटा येतात. भरती आणि ओहोटीत सहा तासांच्या वर थोडं अंतर असतं. लाटा मी संध्याकाळी पंचवीस मिनिटं उभा राहून मोजल्या होत्या.

ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग इतकी हसली की रसवाला गाडं सोडून आला. "व माय! याले समुद्र पाहाले पाठवला तं हा मोजूनच आला!"

मी तिच्यासाठी पाण्याच्या छोट्या बाटलीत समुद्राचं पाणी आणलं होतं. तिने ते झाकणात ओतून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, आणि म्हणाली, "हाय खरा." ती बाटली त्या दिवसापासून तिच्या तराजूजवळ होती. कोणी विचारलं तर सांगायची, "माह्या बापूनं आनला. वजन करूनच आनला असन."

मला त्या हसण्याचं वाईट वाटलं नव्हतं. माझी आई गेल्यानंतर मला बापू म्हणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आई आणि गयाबाई यांचं नातं वेगळंच होतं. आई तिच्याकडे जाऊन बसली की दोघी अर्धा तास भांडायच्या. आई एकेक बोंबील कानाजवळ नेऊन मोडायची. तुटलेले तुकडे गयाबाई मोजायची. "बाई, तू घेशील पाव किलो अन् मोडशील अर्धा!" आई म्हणायची, "तूच सांगतेस ना मोडून पाय म्हणून?" गयाबाई म्हणायची, "सांगतो म्हून काय खरंच मोडा लागते काय?" पण आई उठून गेली की ती आजूबाजूच्यांना सांगायची, माल कसा घ्यायचा ते या बाईकडून शिका.

आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गयाबाई आली. रविवार होता. इतक्या वर्षांत तिने बाजार बुडवल्याचा तो एकच रविवार मला ठाऊक आहे. धुतलेलं पांढरं लुगडं, हातांना लिंबाचा वास. तरी ती दारातच बसली, आत पाहुणे आहेत, आपल्याला वास येत असेल म्हणून. सुनीताने तिला दंडाला धरून आत आणून आईच्या फोटोसमोर बसवलं. वंदना झाली, जेवणं झाली. निघताना ती मला म्हणाली, "बाई होती तवर मले भेव होतं. आता तुह्या घरचा माल मी निवडून ठेवत जाईन. तुले मोडता येत नाई."

आणि तिने तसंच केलं. त्यानंतर आमच्या घरच्या मालात मला कधी हात घालावा लागला नाही. मी जायचो, दोन्ही पाट्या वहीत उतरवायचो, पिशवी घ्यायचो, पैसे द्यायचो.

आता त्या मे महिन्यातल्या रविवारी येतो.

आमच्या कॉलनीत पावसाळ्याची बेगमी म्हणून बरेच जण बोंबील भरून ठेवतात. मीच पुढाकार घेतला. अकरा घरांची यादी केली, कोणाला किती ते लिहिलं. एका जागेवरून घेऊ, खात्रीचा माल मिळेल. खात्री कसली, हे मी सगळ्यांना पाट्यांसकट समजावून सांगितलं होतं. राऊत सर निवृत्त मुख्याध्यापक, शब्दाशब्दाला टपल्या मारणारे. त्यांना ही पाट्यांची भानगड बघायचीच होती, म्हणून ते सोबत आले.

आम्ही पोचलो तेव्हा गयाबाईचा फोन होऊन गेला होता. पाट्या टांगलेल्या होत्या. खालच्या पाटीवर सातही चौकोनांत गोल. सात दिवस ऊन.

मी वही काढली. मागच्या रविवारचं पान उघडलं. तेव्हाच्या वरच्या पाटीवर, म्हणजे अंदाजातही, सातच्या सात गोल होते.

"मावशी!" मी म्हणालो. "सातपैकी सात! अंदाज आणि प्रत्यक्ष पहिल्यांदा पूर्ण जुळलं."

ती टोपली सारखी करत होती. "आलं खरं," म्हणाली. वर पाहिलं नाही.

राऊत सर म्हणाले, "तायडेसाहेब, एकदा मोबाईलमध्ये बघून घ्या ना. तिकडं अवकाळी झाला असं काहीतरी ऐकलं होतं मी."

"सर, पाटी आहे ना."

सुनीताने वाकून एक बोंबील उचलला. मोडण्यासाठी दोन्ही हातांत धरलाही होता. मी तिला म्हणालो, "राहू दे गं, उगाच कशाला तिचं नुकसान." सुनीताने तो परत ठेवला. हे वाक्य तिने मला नंतर बऱ्याचदा ऐकवलं आहे.

गयाबाईने चौदा किलो तोलले. पैसे घेतले. मग तिने टोपलीत हात घातला आणि एक मोठी मूठ बोंबील आमच्या पिशवीत वरून टाकली.

"हे काय मावशी? मोजलं ते माझं, उरलं ते तुझं ना?"

"असू दे, बापू."

मला भरून आलं. खरं सांगतो. गाडीवर बसताना मी राऊत सरांना म्हणालो, बघितलंत का, माणसं अशी असतात.

घरी येऊन मी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाटीचा फोटो टाकला. खाली लिहिलं: सात दिवस खणखणीत उन्हात वाळलेला माल, पुन्हा वाळवण्याची गरज नाही, थेट डब्यात भरावा. लोकांनी थेट डब्यात भरला.

जूनच्या शेवटी पहिला डबा उघडला तो आमच्याच घरी. पांढरी बुरशी, आणि खाली तळाशी काहीतरी हलत होतं. सुनीताने झाकण लावलं आणि डबा अंगणात नेऊन ठेवला. मग एकेका घरून निरोप यायला लागले. कोणी जोरात बोललं नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. राऊत सरांच्या घरी त्याच दिवशी डबा उघडला तेव्हा बुरशी दिसण्याइतकी नव्हती, मी कळवायच्या आत त्यांनी दोन वेळा खाल्लं. दोन दिवस सलाईन लागलं. मी भेटायला गेलो तर पलंगावरून म्हणाले, "साहेब, अकोल्याचं ऊन फुकट होतं हो. तेवढंही घेऊ दिलं नाही तुम्ही."

त्या रात्री माझ्या मुलीने कॉम्प्युटरवर मागचे दिवस शोधून काढले. एप्रिलच्या त्या शेवटच्या आठवड्यात, त्या बंदराच्या पट्ट्यात मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत पाऊस होता. चार दिवस. राऊत सरांनी ऐकलं होतं, टीव्हीवर होतं, पेपरात होतं. माझ्या खिशातल्या मोबाईलमध्येही होतं.

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. भुरभुर चालू होती. मासेमारी बंद, त्यामुळे बांबूवर पाट्या नव्हत्या. गयाबाई ताडपत्रीखाली पाय पोटाशी घेऊन बसली होती. मी डबा तिच्यासमोर ठेवला. तिने झाकण उघडलं नाही.

"किती घरी गेला?" तिने विचारलं.

"सगळ्या. एक जण दवाखान्यात होता."

"कोन? त्या दिवशीचा मास्तर?"

"हो. मावशी, तिकडं चार दिवस पाणी होतं."

"होतं."

"तांडेलनं तुला सांगितलं होतं?"

"सांगतलं होतं."

"मग पाटीवर सात ऊन काहून?"

तिने लिंबाची फोड उचलली, बोटं चोळली, परत ठेवली. पैसे घ्यायचे नव्हते, तरी.

"तो अंदाज होता, बापू. आधीच्या रविवारचा. तवा तांडेलनं सात दिस ऊनच सांगतलं होतं. मी खोटं काढलं नाई. पुसलं नाई फक्त."

आमच्या विभागात एकदा एकाने मंजूर रक्कमच खर्चाच्या रकान्यात तशीच उतरवली होती. त्यानेही असंच म्हटलं होतं की मी आकडा बनवला नाही.

"ढाबेवाल्याला परत पाठवलं होतंस तू. असा माल कोंबड्यांना जातो म्हणालीस."

"खाद्यवाला औंदा येत नाई. त्यानं धंदा बंद केला. एक पोतं होतं, सोळा किलोचं. तांडेल वापस घेत नाई. माहे पैसे गुतले होते त्याच्यात. मले काय करा लागत होतं?"

"माझ्याच गळ्यात काहून?"

आता तिने माझ्याकडे पाहिलं. चिडलेली नव्हती, रडतही नव्हती. चुकलेलं वजन सांगावं तसं तिने सांगितलं.

"दुसऱ्या कोनी मोडून पायला असता. बाई असती तं पयलाच बोंबील कानापाशी नेऊन माह्या तोंडावर फेकला असता. तू पाटी पायतेस. माल पायत नाई."

"मी तुझ्यावर भरवसा ठेवला होता, मावशी."

"म्हनूनच," ती म्हणाली.

रसवाल्याचं गाडं पावसाळ्यात नसतं. त्या जागी छत्र्या दुरुस्त करणारा बसला होता. तो आमच्याकडे पाहत होता. तराजूजवळ ती समुद्राच्या पाण्याची बाटली होती, अर्ध्याच्या खाली आलेली. मी डबा तिथेच ठेवला आणि निघालो.

घरी येऊन मी वही काढली. सहा हंगामांचे एकशे अठरा रविवार होते. जुने आठवडेही मुलीकडून काढून घेतले आणि एकेक खालची पाटी ताडून पाहिली. एकशे सतरा बरोबर. एक खोटी. टक्केवारी एक टक्क्याच्याही आत. एवढी चूक आमच्या कार्यालयात कोणी विचारातही घेत नाही. पण तो आठवडा तिचा चुकलेला नव्हता, तिने निवडलेला होता, आणि त्यासोबत मलाही निवडलं होतं.

वही पाहताना आणखी एक गोष्ट दिसली, ती पैशांपेक्षा जास्त लागली. बाकीच्या एकशे सतरा रविवारांत अंदाज आणि प्रत्यक्ष सातच्या सात कधीही जुळले नव्हते. पाच, चार, फार तर सहा. हवामानाचा अंदाज तसा जुळतच नाही. ज्या एका रविवारी जुळला त्याच रविवारी मला संशय यायला हवा होता. रकमा पहिल्याच फटक्यात जुळल्या की आम्ही पुन्हा बेरीज करतो. मी तिचं अभिनंदन केलं. आणि ती वर टाकलेली मूठ. नियमाच्या बाहेरची ती एकच मूठ मला प्रेम वाटली होती.

त्यानंतर मी त्या ओळीत गेलो नाही. आमच्या घरी बोंबील आता दुसरीकडून येतो. सुनीता मोडून घेते.

गयाबाईला शेवटचं पाहिलं ते दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात. सुटीचा दिवस होता, मी खिडकीजवळ पेपर वाचत होतो. ती कॉलनीत आली होती, पायी, तेच पांढरं लुगडं, हातात काही नाही. राऊत सरांच्या फाटकाशी थांबली. सर बाहेर आले. तिने कमरेची गाठ सोडली, नोटा काढल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि त्यांच्या हातात दिल्या. सरांनी काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. मग परत निघाली.

आमच्या फाटकाशी आली तेव्हा तिची चाल मंदावली. दार उघडं होतं, आणि रस्त्यावरून समोरच्या भिंतीवरचा आईचा फोटो दिसतो. तिने कडीवर हात ठेवला. मी उठलो नाही. ती फोटोकडे पाहत होती. मी खिडकीत होतो हे तिला दिसलं असणार, एवढं अंतर नाही ते. थोड्या वेळाने तिने हात काढला, बोटं पदराला पुसली आणि गेली.

संध्याकाळी राऊत सर आले. दवाखान्याचं बिल किती झालं होतं हे तिने त्यांच्याकडे दोन महिन्यांपूर्वी कोणाकरवी विचारून घेतलं होतं, असं त्यांच्याकडून कळलं.

शेवटचा हिशोब असा. नऊ घरांना अकरा किलोचे सहा हजार एकशे साठ रुपये मी दिले. राऊत सरांनी त्यांचे पाचशे साठ घेतले नाहीत. आमचे स्वतःचे दोन किलो गेले. गयाबाईने राऊत सरांना दवाखान्याचे दोन हजार चारशे रुपये दिले, पूर्ण. मला काही दिलं नाही.